सर्व्हरवर लोड आला की लिमिट वाढवू नका, आधी कमी करा

साइट झोपली की बहुतेक जण काय करतात, तर शोधून कुठलातरी जुना लेख काढतात, त्यात लिहिलेलं असतं अमुक लिमिट ५१२ करा, तमुक टाइमआउट ३०० करा, ते सगळं कॉपी पेस्ट मारायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा, आणि थोड्या वेळाने साइट परत झोपते, यावेळी जरा जास्तच गाढ. कारण साधं आहे, ज्याच्या डोक्यावर आधीच ओझं झालंय त्याला "अजून घे" म्हणून तो सुटणार नाही, एकावेळी कमी घे असं सांगावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण खाली हिशोब दिलाय तो बघा.

सेटअप आपण अगदी कॉमन धरू. २ कोर, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला तुकडा), त्यावर उबुंटू लिनक्स, अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी (पानं बनवणारी भाषा), मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि वर्डप्रेस. मराठी बातम्या, नोकरी जाहिराती, निकाल-अॅडमिशनची माहिती देणाऱ्या कितीतरी छोट्या साइट अशाच एका मशीनवर चालतात. वर्षभर निवांत असतं सगळं आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या आसपास अख्खा महाराष्ट्र एकदम येऊन धडकतो. सरकारी साइट लोड होत नाही म्हणून लोक शोधत शोधत तुमच्याकडे येतात आणि मग तुमचीही लोड होत नाही.

आधी बघा काय संपलंय

सर्व्हरकडे संपण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. सीपीयू, रॅम, डिस्कचा वेग, नेटवर्क, आणि कनेक्शन किंवा प्रोसेसची लिमिट. कुठली संपलीय हे कळल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका.

टर्मिनलमध्ये अपटाईम ही कमांड मारली की लोड अॅव्हरेजचे तीन आकडे दिसतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे, म्हणजे सरासरी किती प्रोसेस (चालू प्रोग्राम) कामात किंवा रांगेत होत्या. २ कोरच्या मशीनवर २ च्या आसपास म्हणजे मशीन पूर्ण कामात आहे, २० म्हणजे रांग लागलीय. पण लिनक्सवर एक गोम आहे, इथे लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, त्यामुळे लोड ४० दिसतोय म्हणजे सीपीयू कमी पडतोय असं लगेच धरू नका. टॉप ही कमांड उघडा आणि सीपीयूची ओळ नीट वाचा. यूएस जास्त असेल तर पीएचपी किंवा मायएसक्यूएल खरंच राबतंय. डब्ल्यूए जास्त असेल तर डिस्कपाशी घोडं अडलंय, आणि ते बऱ्याचदा स्वॅपमुळे (रॅम संपली की तिच्यातलं सामान डिस्कवर टाकणं) असतं. एसटी जास्त असेल तर तुमच्या वाटणीचा सीपीयू त्याच फिजिकल मशीनवरचे शेजारी खातायत, तिथे तुम्ही कितीही ट्यूनिंग करा काही फरक पडणार नाही, प्रोव्हायडरला तिकीट टाका किंवा मशीन बदला.

मग फ्री ही कमांड मारा आणि अव्हेलेबल हा कॉलम बघा, फ्री नावाच्या कॉलमकडे बघून घाबरू नका, लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला वापरतं आणि लागली की सोडतं. त्यानंतर व्हीएमस्टॅट १ मारून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपमध्ये बाहेर) हे दोन कॉलम अर्धा मिनिट बघत राहा. तिथे सतत मोठे आकडे पळत असतील तर स्वॅपिंग चालू आहे आणि तुमचं दुखणं सापडलं. डीमेसेजमध्ये (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग) आउट ऑफ मेमरीची ओळ दिसली तर कर्नलने कोणालातरी मारलंय, आणि सगळ्यात जास्त रॅम खाणारा म्हणून बऱ्याचदा मायएसक्यूएलचाच नंबर लागतो. "डेटाबेस कनेक्शन एरर अधूनमधून येतो" या तक्रारीमागे खूपदा हेच असतं.

हिशोब

अपाची जुन्या पद्धतीने, म्हणजे प्रीफोर्क आणि मॉड पीएचपीवर चालत असेल तर प्रत्येक कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस लागते आणि तिच्या पोटात पीएचपी असतं. प्लगइनने भरलेल्या वर्डप्रेसमध्ये एक प्रोसेस ६० एमबी सहज खाते. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस, याचा अपाचीचा मूळ डिफॉल्ट आहे २५६ (उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये १५०, तेही जास्तच; २.४ च्या आधी याचंच नाव मॅक्सक्लायंट्स होतं, जुन्या लेखांत तेच दिसेल). आता २५६ गुणिले ६० करा, १५ जीबी होतात. मशीनमध्ये ४ आहेत. म्हणजे गर्दी झाली की अपाची प्रोसेस काढत जाणार, रॅम संपणार, स्वॅप सुरू होणार, आणि जे पान अर्ध्या सेकंदात बनत होतं ते २० सेकंद घेणार. पान लवकर संपत नाही म्हणून अजून प्रोसेस, अजून स्वॅप. वर लोक वैतागून रिफ्रेश मारतात, त्याची वेगळी भर. या अवस्थेत मशीनमध्ये एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरणंही मुश्किल होतं.

पंगतीसारखं आहे हे. वाढपी तेवढेच असतील तर शंभर जणांना एकदम बसवून कोणाच्याच पानात धड काही पडत नाही, तीस तीस जणांना बसवा, बाकीचे दोन मिनिटं बाहेर थांबतील पण सगळे जेवून जातील.

तर लिमिट अशी काढा. ४ जीबीमधून मायएसक्यूएलला साधारण दीड जीबी सोडा, ओएस आणि फाइल कॅशला अर्धा-पाऊण जीबी, राहिले सुमारे २ जीबी. भागिले ६०, आले ३३. म्हणजे ३० च्या वर जायचंच नाही. ही रॅमची मर्यादा झाली, सीपीयूची त्याहून खाली असू शकते. एका पानाला २०० मिलिसेकंद सीपीयू लागत असेल तर २ कोर मिळून सेकंदाला १० पानं बनवणार, मग वर्कर (पान बनवणाऱ्या प्रोसेस) १२ असोत की १२०, अकरावं पान बनणार नाही. पीएचपी मुख्यतः स्वतःच राबत असेल तर १०-१२ वर्कर पुरतात, डेटाबेसची किंवा बाहेरच्या एपीआयची वाट बघण्यात वेळ जात असेल तर ३० पर्यंत जा. प्रोसेसचा साइज पीएस कमांडमधल्या आरएसएस कॉलमवरून घेतलात तर तो थोडा फुगलेला असतो कारण शेअर्ड मेमरी प्रत्येकाच्या नावावर लागते, पण चूक सुरक्षित बाजूला आहे म्हणून चालतं.

साइट आत्ता या क्षणी खाली असेल तर बाकी काही न करता फक्त एवढंच करा, मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स २५-३० वर आणा आणि कीपअलाइव्ह टाइमआउट ५ वरून १-२ सेकंदांवर, आणि अपाची पूर्ण थांबवून परत चालू करा. प्रीफोर्कमध्ये पान देऊन झाल्यावरही तो ६० एमबीचा गडी पुढच्या रिक्वेस्टची वाट बघत ५ सेकंद नुसता बसून राहतो, त्याला लवकर उठवणं हीच मोठी कमाई आहे. एवढ्याने साइट स्लो का होईना पण उभी राहते, आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आता जरा कायमचं

प्रीफोर्क सोडा. खरं सांगायचं तर २०१२ मध्ये अपाची २.४ आलं तेव्हापासून इव्हेंट एमपीएम (कनेक्शन सांभाळायची नवी पद्धत) वापरायला तयार आहे, तरी अजून नव्या मशीनवर मॉड पीएचपी टाकणारे भेटतात. अपाची इव्हेंटवर न्या आणि पीएचपी वेगळं काढून पीएचपी-एफपीएमला (पीएचपी चालवणारी स्वतंत्र सर्व्हिस) द्या. डेबियन-उबुंटूवर हे दहा मिनिटांचं काम आहे, एटूडिसमॉडने पीएचपी आणि एमपीएम प्रीफोर्क बंद, एटूएनमॉडने एमपीएम इव्हेंट, प्रॉक्सी एफसीजीआय आणि सेटएनव्हीइफ चालू, एटूएनकॉन्फने एफपीएमचं कॉन्फिग चालू. किंवा सरळ एनजिनएक्सवर (अपाचीऐवजी चालणारा हलका वेब सर्व्हर) जा, मी नव्या मशीनवर तेच करतो. दोन्हीत फायदा एकच, फोटो आणि सीएसएस द्यायला पीएचपीचं ओझं वाहणारी प्रोसेस लागत नाही, आणि नुसतं धरून ठेवलेलं कनेक्शन जवळजवळ फुकट पडतं. एनजिनएक्समध्ये वर्कर प्रोसेसेस ऑटो ठेवा, वर्कर कनेक्शन्सचा डिफॉल्ट ५१२ आहे तो २०४८ वगैरे करा आणि सोबत वर्कर आरलिमिट नोफाइल वाढवा, नाहीतर ओपन फाइल्सची १०२४ ची लिमिट मध्येच आडवी येते. वाढवायला हरकत नाही असे आकडे हे, कारण इथे कनेक्शनमागे रॅम नगण्य जाते. जिथे ६० एमबी जातात तिथे हात आखडता, जिथे काही केबी जातात तिथे सढळ.

मघाचा ३० चा आकडा आता एफपीएमच्या पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रनमध्ये (जास्तीत जास्त किती वर्कर) जातो. मशीनवर एकच साइट असेल तर पीएम स्टॅटिक (वर्करची संख्या कायम तेवढीच) ठेवा, गर्दीच्या वेळी प्रोसेस काढत बसायचा खर्च वाचतो. अनेक साइट असतील तर ऑनडिमांड किंवा डायनॅमिक, पण मग सगळ्या पूलची (प्रत्येक साइटचा वर्करचा गट) बेरीज रॅममध्ये बसते का ते बघा, ही बेरीज कोणी करत नाही. पीएम डॉट मॅक्स रिक्वेस्ट्स ५०० ठेवलं, म्हणजे ५०० रिक्वेस्टनंतर वर्कर बदलून नवा घेतला, की मेमरी गळणाऱ्या प्लगइनचा त्रास आटोक्यात राहतो.

एफपीएमच्या लॉगमध्ये "रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रन" अशी वॉर्निंग आली की लगेच आकडा वाढवायचा मोह होतो. थांबा. वर्कर कमी आहेत की प्रत्येक वर्कर उगाच जास्त वेळ अडकतोय? रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट ३ सेकंद करा आणि स्लोलॉगची फाइल द्या, मग पीएचपी नेमकं कुठल्या फंक्शनवर अडकून बसलंय ते आपोआप लिहून मिळतं. माझ्या मते हे पूर्ण एफपीएममधलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं सेटिंग आहे. बरेचदा तिथे कर्ल एक्झेक निघतं, म्हणजे कुठलंतरी प्लगइन प्रत्येक पान बनवताना बाहेरच्या सर्व्हरला काहीतरी विचारतंय, हवामान, सोन्याचा भाव, सोशल मीडियाचे लाइक्स, आणि तो बाहेरचा सर्व्हर स्लो झाला की तुमचे तीसच्या तीस वर्कर त्याच्या दारात उभे. अशा वेळी सीपीयू रिकामा दिसतो, रॅम असते, आणि साइट मात्र ५०४ (वेळेत उत्तर न आल्याचा एरर) देते, लोक चक्रावतात. पीएचपीचं मॅक्स एक्झिक्यूशन टाइम इथे वाचवत नाही कारण लिनक्सवर त्यात बाहेरच्या उत्तराची वाट बघण्याचा वेळ धरलाच जात नाही, त्यासाठी एफपीएमचं रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट लावा.

ओपकॅश (पीएचपीचा तयार कोड रॅममध्ये ठेवणारा भाग) चालू आहे ना ते बघून घ्या. पीएचपी ५.५ पासून सोबतच येतं, पण १२८ एमबीचा डिफॉल्ट मोठ्या साइटला पुरत नाही आणि तो भरला की फायदा गेला.

कॅश

इथपर्यंत केलं ते सर्व्हर मरू नये म्हणून. वेग मात्र एकाच गोष्टीने मिळतो, कामच न करणे. निकालाच्या पानावर हजार माणसं आली तर हजार वेळा तेच एचटीएमएल बनवायचं कशाला, एकदा बनवा आणि हजार वेळा तेच द्या. सेकंदाला १० पानं काढणारं तेच मशीन तयार फाइल द्यायची म्हटली की हजारात सहज देतं.

वर्डप्रेसचं कुठलंही चांगलं पेज कॅश प्लगइन चालेल, पण एनजिनएक्स असेल तर त्याचीच फास्टसीजीआय कॅश (पीएचपीने बनवलेलं पान साठवून ठेवायची सोय) वापरा, रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत जातच नाही. वेळ फार ठेवायची गरज नाही, सतत बदलणाऱ्या पानाला १० सेकंदसुद्धा पुरतात, कारण सेकंदाला १०० लोक येत असतील तर १० सेकंदात हजार रिक्वेस्टमागे पान एकदाच बनतं. सोबत तीन गोष्टी लावाच. फास्टसीजीआय कॅश लॉक, म्हणजे कॅशमध्ये पान नसताना शंभर जण एकदम आले तरी एकच रिक्वेस्ट पीएचपीकडे जाते आणि बाकीचे थांबतात. यूज स्टेलमध्ये अपडेटिंग, एरर आणि टाइमआउट, म्हणजे पीएचपी मेलं तरी वाचकाला जुनं पान दिसत राहतं. आणि बॅकग्राउंड अपडेट, म्हणजे वाचकाला जुनं पान देऊन नवं मागे बनत राहतं.

लॉगिन केलेल्यांना आणि पोस्ट रिक्वेस्टना कॅशमधून वगळा, वर्डप्रेसची लॉग्ड-इन कुकी तपासली की झालं. एक धोका नीट लक्षात ठेवा, रिस्पॉन्समध्ये सेट-कुकी असेल तर एनजिनएक्स तो कॅश करत नाही, आणि "कॅश चालतच नाही" म्हणून बरेच लोक तो हेडर इग्नोर करायला सांगतात. दुकानाच्या साइटवर हे केलंत तर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसेल. ती कुकी कोण लावतंय ते शोधा आणि तिथे बंद करा.

कॅश लावूनही हिट कमी दिसत असतील तर अॅक्सेस लॉगमधल्या यूआरएल बघा. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकच्या शेवटी एफबीसीएलआयडीची लांबलचक शेपटी असते आणि ती प्रत्येक क्लिकला वेगळी, म्हणजे एनजिनएक्सच्या दृष्टीने प्रत्येक वाचक नवं पान मागतोय. कॅश कीमधून (कॅशमधलं पान ओळखायची खूण) असले पॅरामीटर काढून टाका, जाहिरातीचे यूटीएमवालेही. एवढ्या एका बदलाने हिट रेट कुठच्या कुठे जातो.

आणि ते "ही पोस्ट किती जणांनी वाचली" दाखवणारं प्लगइन काढा राव. प्रत्येक वाचकामागे अॅडमिन-एजॅक्सला (वर्डप्रेसची मागून काम करणारी फाइल) एक रिक्वेस्ट, ती कॅश होत नाही, त्यात अख्खं वर्डप्रेस लोड होतं, आणि शेवटी डेटाबेसमध्ये एकाच ओळीवर सगळ्यांचं अपडेट. पुढून कॅश लावून जे वाचवलं ते मागच्या दाराने गेलं. वर्डप्रेसचा क्रॉनही (ठरलेल्या वेळची कामं करणारा) असाच, पानाच्या भेटीवर चालतो, तो डिसेबल करून सिस्टिमच्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरून पोस्ट टाकायची जुनी सोय) वापरत नसाल तर एनजिनएक्समध्येच तोडा.

मायएसक्यूएल

इनोडीबी बफर पूल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती रॅममध्ये ठेवायची जागा, याचा डिफॉल्ट १२८ एमबी आहे, आपल्या मशीनवर १ जीबी करा. फक्त डेटाबेससाठी वेगळं मशीन असेल तर रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंत जा, इथे सगळं एकत्र आहे म्हणून तो सल्ला इथे लावू नका. मॅक्स कनेक्शन्स १५१ असतं, पीएचपीचे वर्करच ३० आहेत तर ते वाढवायचं काही कारणच नाही. क्वेरी कॅशचं सेटिंग सांगणारा लेख दिसला तर पान बंद करा, मायएसक्यूएल ८.० मधून ते काढूनच टाकलंय आणि कॉन्फिगमध्ये ती ओळ राहिली तर सर्व्हिस चालूच होत नाही.

खरी कमाई स्लो क्वेरी लॉगमध्ये आहे. लाँग क्वेरी टाइम डिफॉल्टने १० सेकंद असतो, तो १ वर आणा, तासभर चालू द्या आणि मायएसक्यूएलडम्पस्लोने बेरीज काढा. बहुधा दोन-तीनच क्वेरी सगळा वेळ खात असतात. त्यांना एक्सप्लेन लावा (क्वेरी कशी चालते ते दिसतं), टाइपमध्ये ऑल आणि रोजमध्ये लाखाचा आकडा दिसला की इंडेक्स (शोध लवकर लावणारी सूची) नाही हे कळलं. वर्डप्रेसमध्ये नेहमीचा गुन्हेगार पोस्टमेटा टेबल (पोस्टची जादा माहिती ठेवणारं), त्यात मेटा व्हॅल्यूवर इंडेक्स नसतो आणि "जिल्हा अमुक, पात्रता तमुक" असले फिल्टर त्याच्यावरच चालतात. असे फिल्टर टॅक्सॉनॉमीत (कॅटेगरी-टॅगसारखी वर्गवारी) हलवा. दुसरा गुन्हेगार ऑप्शन्स टेबलमधला ऑटोलोड, काढून टाकलेल्या प्लगइनचाही कचरा तिथे राहतो आणि प्रत्येक पानाला लोड होतो.

पानाचं वजन

देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे आपली पानं इंग्रजीपेक्षा जड असतात, पण कॉम्प्रेसही छान होतात. म्हणून जीझिप (पान दाबून लहान करून पाठवणं) चालू पाहिजेच, लेव्हल ४-५ बास, ९ वर नेऊन साइज किंचित कमी होतो आणि सीपीयू मात्र भरपूर जातो. एनजिनएक्स नुसतं जीझिप ऑन केल्यावर फक्त एचटीएमएल दाबतं, सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी जीझिप टाइप्सची यादी द्यावी लागते. मराठी वेबफाँट जोडाक्षरांमुळे मोठे असतात, वॉफ२ (दाबलेला फाँट फॉरमॅट) वापरा आणि चार-चार वजनं लोड करू नका. फोनवरून काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवायचा नाही हे मात्र संपादकांना सांगावं लागेल, ते कुठल्या सेटिंगने होत नाही.

कर्नल आणि बॉट

सिसकंट्रोलची (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) ती पन्नास ओळींची जादूची यादी डकवू नका. सोमॅक्सकॉन (आत घेतली जायची वाट बघणाऱ्या कनेक्शनची रांग) जुन्या कर्नलवर १२८ असायचं, ५.४ पासून ४०९६ आहे, तेवढं तपासा. त्या यादीत टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल असेल तर ती यादी फारच शिळी आहे, ते २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून काढलं, आणि होतं तेव्हाही एकाच आयपीमागे असलेल्या मोबाइल ग्राहकांची कनेक्शनं त्याने गुपचूप टाकली जायची. हाच मुद्दा रेट लिमिटला (एका आयपीकडून किती रिक्वेस्ट घ्यायच्या) लागू आहे, आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एका आयपीआड शेकडो माणसं असू शकतात, म्हणून लिमिट रिक्वेस्ट लावताना लॉगिन आणि सर्चच्या पानांवर कडक ठेवा, साध्या पानांवर सैल. बॉटसाठी अॅक्सेस लॉगमधून यूजर एजंट (कुठला ब्राउझर किंवा बॉट आला ते सांगणारी ओळ) मोजा, आलेल्या रिक्वेस्टपैकी माणसं किती हे बघून धक्का बसू शकतो.

टेस्ट

एबी किंवा डब्ल्यूआरके (मुद्दाम गर्दी करून बघायची टूल) वापरा, पण दुसऱ्या मशीनवरून, नाहीतर टेस्टच अर्धा सीपीयू खाते. एकच होमपेज मारत बसू नका, ते कॅशमधून येतं आणि आकडा बघून उगाच छाती फुगते, लॉगमधून खऱ्या शंभर-दोनशे यूआरएल घ्या आणि त्यात सर्चची पानं असू द्या. सरासरी सोडा, ९५ टक्के रिक्वेस्ट किती वेळात संपल्या ते बघा. एकावेळी एकच सेटिंग बदला, एनजिनएक्स डॅश टी (कॉन्फिगमधली चूक तपासणारी कमांड) मारल्याशिवाय रीलोड नाही, आणि निकालाच्या आदल्या रात्री तर काहीच बदलू नका.

हे सगळं करून कॅश हिट चांगला आहे, स्वॅप शून्य आहे, तरी सीपीयूचा यूएस भर दुपारी ९० च्या वर टिकतोय, तर मग खुशाल मोठं मशीन घ्या. रॅमची तंगी असेल तर आधी मायएसक्यूएल दुसऱ्या मशीनवर हलवा, फक्त दोन्ही एकाच डेटासेंटरमध्ये हवीत, कारण वर्डप्रेसच्या एका पानाला शंभर क्वेरी असल्या आणि प्रत्येकीला प्रवासाचे २ मिलिसेकंद लागले तर २०० मिलिसेकंद तिथेच गेले.

आणि काम झाल्यावर स्लो लॉग, एफपीएमचा स्लोलॉग, डीबग लॉग जे काही चालू केलं असेल ते बंद करा किंवा लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग आपोआप काढून टाकणारं) घाला. डिस्क १०० टक्के भरली की मायएसक्यूएल लिहायचं थांबतं, आणि मग लोड एकदम कमी दिसतो, पण तो चांगल्या कारणाने नसतो.